लढाऊ विमानांचा सराव: आवाजाच्या दिशेनं बघावं तर आकाश रिकामं!

प्रश्न
शहरावर कालपासून हवाई प्रात्यक्षिकांचा सराव चालू आहे. आवाज आला की हातातलं टाकून गच्चीवर धावते, तर आवाजाच्या दिशेला काहीच नसतं. एकदाच एक विमान नीट दिसलं. वळताना त्याच्या पंखांवर पांढरा ढग उमटला आणि लगेच विरला. शेजारी म्हणाले, ध्वनीचा वेग ओलांडला. खरंच का? आणि तीच कसरत पुन्हापुन्हा का करतात?

प्रतिसाद १
नाही, शहरावर ध्वनीपेक्षा जास्त वेगानं उडत नाहीत. तसं झालं असतं तर तोफेसारखा दणका बसला असता. जोरात वळताना पंखांवरच्या हवेचा दाब आणि तापमान एकदम उतरतं, त्यामुळे हवेतल्या बाष्पाचा ढग होतो. दमट हवेत हा हमखास दिसतो.

प्रतिसाद २
मी तर म्हणेन मुख्य दिवसापेक्षा सरावच बघा. गर्दी नसते, आणि काम कसं चालतं ते कळतं.

आवाजाचं म्हणाल तर ताशी ७२० किलोमीटर वेगाचं विमान सेकंदाला २०० मीटर कापतं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. एक किलोमीटरवरून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात, तोवर विमान ६०० मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या पुढं बघायचं. एक विमान गेलं की लगेच उलट्या दिशेलाही नजर टाका. समोरासमोर येऊन एकमेकांना छेदणाऱ्या जोडीतलं दुसरं विमान तिथूनच येतं.

पुन्हापुन्हा करण्याचं कारण म्हणजे जागा नवी असते. उंच इमारती, टॉवर, जमिनीवरच्या खुणा, वळण कुठं सुरू करायचं, सगळं पक्कं करावं लागतं. संचातले बाकीचे वैमानिक क्षितिजाकडे नाही, नेत्याच्या विमानाकडे बघून उडतात. त्यामुळे नेत्याची रेघ जरा चुकली तर सगळा संच चुकतो. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. वळणात शरीराचं वजन कितीतरी पटींनी वाढलेलं असतं आणि तरी शेजारच्या विमानाशी अंतर राखायचं असतं.

आवाजातला फरकही ऐका. आपल्या हवाई दलाचं सूर्यकिरण आणि ब्रिटनचं रेड ॲरोज, ही दोन्ही हवाई कसरतींची पथकं हॉक विमानं उडवतात. हॉकला आफ्टरबर्नर, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, नसतो. खिडक्या थरथरल्या तर राफेल किंवा सुखोईसारखं काहीतरी आफ्टरबर्नर लावून गेलं समजा.

प्रतिसाद ३
एक विनंती. सरावाच्या वेळा जाहीर झाल्या असतील तर इमारतीच्या ग्रुपवर नक्की टाका. तान्ही बाळं, आजारी माणसं, कुत्री-मांजरं यांना अचानक आलेला आवाज फार त्रास देतो. युद्ध जवळून पाहिलेल्यांना तर जास्तच. आणि कुणी ड्रोन उडवत असेल तर आधी थांबवा, यात हयगय नको.

मूळ प्रश्नकर्ती
आभार! ग्रुपवर आताच टाकलं. आज आवाजाच्या पुढं बघितलं आणि चार विमानं सलग दिसली, पंख जवळजवळ चिकटलेले. मागून पांढरा धूर निघत होता, तो इंजिनाचा का? उद्या ढग आहेत, सराव रद्द होईल का?

प्रतिसाद २
तो मुद्दाम केलेला. गरम झोतात तेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेर थंड होऊन पांढरी दिसते. ढग खाली असले तरी बहुतेक पथकांकडे कमी उंचीचा वेगळा कार्यक्रम तयार असतो. त्यात उभी वर्तुळं नसतात, आडवी वळणं आणि रचना असतात. त्याचाही सराव लागतोच, तेव्हा गच्चीवर जा. फक्त ढग फार खाली आले किंवा दूरचं दिसेनासं झालं तर उड्डाण होणार नाही.