ड्युअल बूट फसलं, ९७ जीबी अनअलोकेटेड (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली जागा) पडून आहे पण सी ड्राइव्हला जोडता येत नाही

निळापडदा:
नमस्कार मंडळी, विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, ५१२ जीबी एसएसडी आणि एकच सी ड्राइव्ह. विंडोजसोबत उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची (ड्युअल बूट) म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून सी श्रिंक केला, आकडा १००००० एमबी दिला, मग पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू केलं ते पार शेवटी बूटलोडरपाशी (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) एरर देऊन बंद पडलं. त्यानंतर विंडोजचं एक मोठं अपडेट येऊन गेलं. आता उबुंटूचा विचार सध्या बाजूला ठेवलाय आणि जागेची गरज आहे म्हणून उबुंटूसाठी बनलेलं बिनअक्षराचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) डिलीट केलं, तर ९७.६६ जीबीची काळी पट्टी दिसतेय, पण सीवर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकं, क्लिकच होत नाही. शिवाय पूर्ण डिस्क ४७६ जीबीच दिसते, म्हणजे अजून ३६ जीबी कुठे गेले तेही कळत नाहीये. विंडोज परत न टाकता हे सगळं परत मिळेल का? कामाचा सगळा डेटा सीमध्येच आहे.

अर्धविराम:
आधी ते ३६ जीबी डोक्यातून काढून टाका, ते कधी गेलेलेच नाहीत. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे ५१२ चे ४७६ दिसतात, १ टीबी घेतली असती तर ९३१ दिसले असते. तुम्ही दिलेले १००००० एमबी ९७.६६ जीबी दिसतायत तेही त्यामुळेच, म्हणजे जेवढी काढली तेवढी सगळी जागा जागेवर आहे. आता डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या भागात डावीकडून उजवीकडे कुठले कुठले डबे आहेत ते क्रमाने सांगा, सगळा खेळ क्रमाचा आहे.

निळापडदा:
ईएफआय (बूटच्या फाइलींचं पार्टिशन) १०० एमबी, मग सी ३७७ जीबी, मग रिकव्हरी साधारण ७८० एमबी, मग काळी पट्टी ९७.६६, आणि शेवटी परत एक रिकव्हरी ६५० एमबीच्या आसपास. दोन रिकव्हरी का आहेत?

टर्मिनलवाला:
भावा तिथेच उत्तर आहे. विंडोजचं एक्स्टेंड फक्त सीच्या लगेच उजवीकडे चिकटून असलेली रिकामी जागा घेऊ शकतं, मध्ये एक एमबीचं पार्टिशन आलं तरी ते फिकं होतं. तुझ्या केसमध्ये मध्ये ७८० एमबीची भिंत आहे. ती अशी आली की अपडेटला रिकव्हरीसाठी (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची सोय) जास्त जागा लागली, जुनी रिकव्हरी उबुंटूच्या पलीकडे अडकलेली, मग विंडोजने सीचीच शेपटी कापून तिथे नवी बनवली आणि जुनी तशीच सोडून दिली.

आता हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बघ, होम एडिशन असेल तर सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने असतं आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर कुणी न विचारता चालू असतं. चालू असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिही, फोटो काढ, काहीही कर पण याच लॅपटॉपमध्ये ठेवू नकोस. पार्टिशन किंवा बूट हलवलं की पुढच्या वेळी ती मागू शकतं आणि तेव्हा की नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही. आणि डेटाचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर, हे झाल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघड आणि रीएजंटसी /इन्फो चालव (रीएजंटसी एकच शब्द, शेवटी सी). त्यात कुठल्या नंबरचं पार्टिशन वापरात आहे ते दिसेल, बहुतेक मधलंच असणार, पण अंदाजावर जाऊ नकोस. मग रीएजंटसी /डिसेबल, म्हणजे रिकव्हरीची फाइल सीमध्ये परत येते. आता शिफ्ट दाबून धरून शट डाऊन कर, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि बाहेरून पार्टिशनला हात लावणं धोक्याचं होतं. पेनड्राइव्हवरून जीपार्टेड (पार्टिशन हलवायचं टूल) चालू करून शेवटची जुनी रिकव्हरी डिलीट, आणि मधली नवी ओढून डिस्कच्या अगदी उजव्या टोकाला. जीपार्टेड इशारा देईल की पार्टिशन हलवल्यास सिस्टिम कदाचित बूट होणार नाही, तो प्रत्येक वेळी येतो, इथे सी आणि ईएफआय हलत नाहीयेत त्यामुळे घाबरू नकोस, फक्त ७८० एमबी सरकणार. परत विंडोजमध्ये ये, एक्स्टेंड ठळक झालेलं असेल, सगळी जागा घे आणि शेवटी रीएजंटसी /इनेबल.

दुसरी_बाजू:
वरचं बरोबर आहे पण एक विचारू का, जागा सीमध्येच पाहिजे असा हट्ट आहे का? काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, डी ड्राइव्ह तयार, दोन मिनिटांत काम आणि शून्य धोका. फोटो, व्हिडिओ, कामाच्या फाइली तिकडे टाकल्या की सी आपोआप मोकळा होतो. मला विचाराल तर कामाच्या मशिनवर मी आधी हेच करेन. आणि काहीही केलंत तरी १०० एमबीचं ईएफआय डिलीट करू नका, लहान आणि निरुपयोगी दिसतं म्हणून लोक उडवतात आणि मग विंडोजच बूट होत नाही. डिस्क डायनॅमिक करू का असं विंडोजने विचारलं तर तिथेही नाहीच म्हणा.

निळापडदा:
डी ड्राइव्हचं पटतंय पण माझे सॉफ्टवेअर सीमध्येच फुगतात, सगळे दुसरीकडे टाकता येत नाहीत. बिटलॉकर चालूच निघालं, मला पत्ताच नव्हता, की लिहून घेतली. बॅकअप घेऊन सांगितलं तसं केलं, सी आता ४७५ च्या वर दाखवतोय आणि रिकव्हरी इनेबल्ड. की एकदा मागितली खरंच. खूप आभार सगळ्यांचे. फक्त चालू होताना बूट मेनूत अजून उबुंटू नाव दिसतं, ते राहिलं तर त्रास होईल का?

टर्मिनलवाला:
मस्त. ते नाव तसंच असलं तरी जागा जवळपास काहीच खात नाही, पण बायोसमध्ये बूट ऑर्डरला विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेव, नाहीतर कधी उबुंटू वर गेलं तर काळ्या पडद्यावर ग्रब (उबुंटूचा बूटलोडर) येऊन थांबेल कारण मागे शोधायला पार्टिशनच नाही. पूर्ण काढायचं असेल तर माउंटव्हॉल एस: /एस ने ईएफआयला तात्पुरतं एस अक्षर दे, आत ईएफआय फोल्डरमध्ये उबुंटू नावाचं फोल्डर असेल तेवढंच उडव, शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट या दोन्हींना हात लावू नकोस. मेनूतलं नाव काही लॅपटॉपच्या बायोसमधूनच डिलीट होतं, तिथे सोय नसेल तर बीसीडीएडिट /इनम फर्मवेअर करून उबुंटूसमोरचा आयडी महिरपी कंसासकट कॉपी कर आणि तोच आयडी देऊन बीसीडीएडिट /डिलीट चालव. आयडी कॉपीच कर, हाताने टाइप नको, वरखाली विंडोजच्याच एंट्री असतात.