युरोपातील मधुचंद्र: एक देश कमी करावा

दहा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली आणि ग्रीस पाहण्याचा आपला बेत वाचला. माझे आग्रहाचे सांगणे असे की ग्रीस वगळावे, कारण उरलेले तिन्ही देश रेल्वेने सलग जोडलेले आहेत. पॅरिसहून झुरिक सुमारे चार तासांवर आहे, आणि तेथून मिलानकडे जाणारी गाडी 57 किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यातून आल्प्स ओलांडते. परतीचे विमान रोमहूनच घ्यावे. या तिन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, म्हणजे शेंगेन व्हिसाचा, अर्ज सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडे करायचा असतो आणि बोटांच्या ठशांसाठी सोलापूरहून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, तेव्हा लग्नाच्या धावपळीआधीच वेळ घेऊन ठेवावी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी अवश्य न्यावी. पेढे मात्र नकोत, कारण बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तेथे बंदी आहे.