एक्सप्लोररऐवजी फुकटचा फाइल मॅनेजर: स्कॅनिंगच्या कामाला कोणता धरावा?

कातळसडा (देवगड)

झेरॉक्स-स्कॅनिंगच्या दुकानासाठी विचारतोय. रोज दीडदोनशे स्कॅन होतात: सातबारा, फेरफार, हापूसच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीचे अर्ज, वर बागांचे फोटो. सगळं गाववार फोल्डरांत, नावं देवनागरीत. मशीन जुनं आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. संध्याकाळी दिवसभराचं काम १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर जातं.

विंडोजच्या नेहमीच्या एक्सप्लोररमध्ये दोन खिडक्या शेजारी लावून माउसने ओढताना फाइल भलत्याच गावाच्या फोल्डरात पडते. स्कॅनरने दिलेली 'स्कॅन००४५' छाप नावं एकेक बदलण्यात तास जातो. आणि खरं दुखणं म्हणजे पावसाळ्यात कॉपी चालू असताना वीज गेली की काय पोचलं आणि काय अर्धवट राहिलं, पत्ता लागत नाही.

डबल कमांडर, फ्रीकमांडर, फाइल्स, एक्सप्लोरर प्लस प्लस, क्यू-डिर एवढी नावं निघाली. पैसे भरायचे नाहीत. यातलं कोणतं, आणि का?

---

उधाण (मालवण)

टोटल कमांडर घ्या, विषय संपला. १९९३ पासून आहे, त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

टोटल कमांडर उत्तमच, पण प्रश्नात 'फुकट' लिहिलंय. ते शेअरवेअर आहे. ३० दिवस वापरून बघायचं, मग विकत घ्यायचं. मुदत संपल्यावरही सुरू होतं, १-२-३ पैकी सांगितलेलं बटण दाबायला लावतं एवढंच, म्हणून अर्ध्या जगाचा ते फुकट आहे असा समज झालाय. दुकानात तरी तसं वापरू नये.

आता यादीकडे. एक्सप्लोरर प्लस प्लस हलकं आहे, एकच फाइल, इन्स्टॉल करायची गरज नाही, टॅब मिळतात. पण शेजारी-शेजारी दोन पॅनल नाहीत, म्हणजे तुमची पहिली अडचण जिथल्या तिथे. क्यू-डिरमध्ये एका खिडकीत चार पॅनल. चार गावांची वर्गवारी एकदम करायची तर बरं, एरवी १५ इंची पडद्यावर डोळ्यांना शिक्षा. 'फाइल्स' हा प्रोग्रॅम दिसायला सगळ्यांत देखणा, रंगीत टॅग वगैरे. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याच वस्तूचे पैसे लागतात, तेवढं सांभाळा. मात्र ४ जीबी रॅम आणि साध्या डिस्कवर हजारभर फोटोंचं फोल्डर उघडलं की ते रेंगाळतं. फ्रीकमांडर चांगलं आहे, एक्सप्लोररची सवय असलेल्याला पटकन जमतं. त्याची ३२ बिटची आवृत्ती फुकट, ६४ बिटची देणगी देणाऱ्यांना.

तुमच्या कामाला डबल कमांडर. मुक्त स्रोत, ६४ बिट, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. रूप जुन्या वळणाचं आहे, त्याला इलाज नाही. पण तुमच्या तिन्ही दुखण्यांवर त्यात आतच औषध आहे.

ओढाओढ बंद करा. डावीकडे स्कॅनचं फोल्डर, उजवीकडे गावाचं. टॅब की दाबली की पॅनल बदलतं, इन्सर्टने फाइल निवडायची, एफ५ म्हणजे कॉपी, एफ६ म्हणजे हलवणे. एफ५ दाबल्यावर 'कुठे' हा पत्ता समोर लिहून येतो, तो वाचून मगच एंटर. भलत्या फोल्डरात फाइल पडते ती माउसचं बोट मध्येच सुटल्यामुळे. इथे बोटाचा संबंधच राहत नाही. रोजच्या दहाबारा गावांचे पत्ते कंट्रोल + डीच्या यादीत टाकून ठेवा, दरवेळी ड्राइव्हपासून उतरत जायला नको.

नावांसाठी कंट्रोल + एम. निवडलेल्या सगळ्या फाइली एका खिडकीत येतात. नावाच्या चौकटीत 'जामसंडे_फेरफार_' लिहून पुढे चौकोनी कंसात रोमन मोठा सी टाका, तो गणक. सुरुवात १, वाढ १, रुंदी ३ ठेवलीत की ००१, ००२ असं होतं. एक्सटेन्शनची (नावामागच्या जेपीजी, पीडीएफ अशा शेपटाची) चौकट वेगळी आहे, तिला हात लावू नका. जुनं आणि नवं नाव समोरासमोर दिसतं, ते बघूनच बटण दाबा. फाइली ज्या क्रमाने पॅनलमध्ये आहेत त्याच क्रमाने आकडे पडतात. पॅनल तारखेने लावलेलं असेल आणि दोन पानं एकाच मिनिटातली असतील, तर फेरफाराचं पान २ आधी आणि पान १ नंतर होऊ शकतं. म्हणून कंट्रोल + एमआधी नावाने क्रम लावून घ्या.

विजेचं जरा सविस्तर, कारण तिथेच घात होतो.

कॉपी मध्येच तुटली की पलीकडे त्याच नावाची अर्धवट फाइल उरते. काही वेळा तिचा आकारसुद्धा पूर्ण दिसतो, कारण जागा आधीच राखून ठेवलेली असते आणि आत नुसती शून्यं. म्हणजे 'आकार जुळला, काम झालं' हे खरं नाही. दुसरी गोम तारखेची. मूळ फाइलची तारीख नव्या प्रतीला लावली जाते ती कॉपी पुरी झाल्यावर, शेवटी. मध्येच वीज गेली तर अर्धवट प्रतीवर त्या क्षणाची तारीख राहते, म्हणजे ती मूळ फाइलपेक्षा 'नवी' ठरते. अशा वेळी डोळे झाकून सिंक (दोन्ही फोल्डर एकसारखे करणं) केलं तर तुटकी फाइल उलट येऊन चांगल्या फाइलवर बसते.

तर रीत अशी: डावीकडे दुकानाचं फोल्डर, उजवीकडे बाहेरची डिस्क, कमांड्स मेनूतून सिंक्रोनाइझ. उपफोल्डर आणि 'मजकुरानुसार' या दोन चौकटींवर खूण करून कम्पेअर. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे तिकडे पाठवायचं. डावीकडे येणारा बाण दिसला की थांबा, बहुतेक ती अर्धवट प्रतच. 'बरोबर नाही' अशी खूण आली तर तारीख जुळते पण मजकूर नाही. तिथे दिशा आपण उजवं क्लिक करून द्यायची. शेवटच्या खिडकीत किती फाइली कुठून कुठे जाणार ते आकड्यांत येतं, तिथे उजवीकडून डावीकडची खूण काढून टाका.

'असिमेट्रिक' नावाची एक चौकट आहे. ती लावली तर डावीकडे नसलेलं उजवीकडून पुसलं जातं. दुकानाच्या मशीनवरून जुनं साफ केलं असेल आणि बॅकअप डिस्कवर ते हवं असेल, तर तिला शिवू नका.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

वरचं सगळं बरोबर, फक्त मजकुरानुसार तुलना रोज संपूर्ण डिस्कवर चालवू नका. दोन्हीकडची फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचावी लागते. १०० जीबी असेल तर यूएसबी ३ वरच्या डिस्कला सेकंदाला साधारण १०० एमबी धरून सतरा मिनिटं, यूएसबी २ च्या खाचेत तीच डिस्क लावली तर पन्नासच्या आसपास. मशीनच्या पुढच्या बाजूच्या खाचा बऱ्याचदा यूएसबी २ असतात, मागची निळी बघून लावा. रोज फक्त त्या दिवसाच्या फोल्डरावर, आणि वीज गेली त्या संध्याकाळी त्या वेळी जे चालू होतं तेवढ्यावर.

आता देवनागरी नावं. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या टोकापर्यंतचा पत्ता २६० चिन्हांत बसावा लागतो आणि एक्सप्लोरर ही मर्यादा अजून पाळतो. मराठीत ती लवकर भरते, कारण प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजला जातो. 'जामसंडे' दिसायला चार अक्षरं, मोजायला सात. 'देवगड तालुका', आत 'जामसंडे', आत बागायतदाराचं पूर्ण नाव, आत 'जीआय नोंदणी अर्जासोबतची कागदपत्रे' अशी उतरंड रचलीत तर फाइलच्या नावाआधीच ऐंशीच्या आसपास. डबल कमांडर लांब पत्ते उघडतो, पण तीच फाइल एक्सप्लोररमधून किंवा प्रिंटच्या प्रोग्रॅममधून उघडेलच असं नाही. तेव्हा नावं आखूड ठेवलेली बरी.

एकसारखी दिसणारी पण वेगळी नावं हा दुसरा छळ. 'कोऱ्या पावत्या' हे फोल्डर एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलं आणि दुसऱ्याने मोबाइलवर र, हलन्त आणि मधला न दिसणारा जोडक घालून, तर पडद्यावर दोन्ही सारखीच, पण विंडोजच्या लेखी दोन फोल्डर. सिंकमध्ये एक डावीकडे एकटं, एक उजवीकडे एकटं दिसतं आणि माणूस चक्रावतो. अशी जोडी दिसली की एका बाजूचं नाव कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, टाइप करू नका.

डबल कमांडरच्या पॅनलमध्ये वरच्या मात्रा कापल्यासारख्या वाटल्या तर ऑप्शन्समधल्या फॉन्टमध्ये निर्मला यूआय, आकार ११ किंवा १२.

---

कातळसडा (देवगड)

लावून बघितलं. नावांचं काम एकदम सोपं झालं. दोन शंका. पेन ड्राइव्हशी सिंक केलं तर न बदललेल्या बऱ्याच फाइली बदलल्या म्हणून दाखवतो. आणि केबलने लावलेला मोबाइल ड्राइव्हच्या यादीत येत नाही, एक्सप्लोररमध्ये मात्र येतो. बागेचे फोटो लोक मोबाइलवरच आणतात.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असणार. त्यात फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये) त्याहून कितीतरी बारीक. १०:१५:०७ ला बदललेली फाइल तिकडे १०:१५:०८ होते आणि तुलना म्हणते, वेगळी. सिंकच्या खिडकीत 'तारीख दुर्लक्षित करा' आणि 'मजकुरानुसार' दोन्ही लावा, खोटे फरक दिसायचे थांबतील. फॅट३२ वर ४ जीबीपासून पुढची एक फाइल मावतच नाही, हेही त्यात आलं. लग्नाच्या व्हिडिओवाल्या गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या, आधी आतलं काढून घेऊन.

पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. बाहेरच्या हार्ड डिस्कला बिन असतं, पेन ड्राइव्हला नाही. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर एफ६ नको, एफ५ च.

मोबाइल एमटीपी पद्धतीने जोडला जातो. तो ड्राइव्ह नसतोच, त्याला अक्षर मिळत नाही, म्हणून अशा मॅनेजरांच्या ड्राइव्हयादीत दिसत नाही. तेवढ्यापुरता एक्सप्लोरर वापरा: मोबाइलवरून 'आलेले' अशा एका फोल्डरात उतरवा, पुढची वर्गवारी डबल कमांडरमध्ये. आणि तिथेही कट करू नका. एमटीपी मध्येच तुटलं तर फोटो ना इकडे ना तिकडे.

---

उधाण (मालवण)

टोटल कमांडरचं मागे घेतो. पण एक राहिलं: हे सगळं करण्यापेक्षा रोबोकॉपी, म्हणजे कॉपीची लिहून द्यायची आज्ञा, का नको? विंडोजमध्ये आहेच, एका ओळीचं काम.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

रोबोकॉपी पक्कं आहे, पण तयार ओळ कुठून तरी उचलून चालवणाऱ्याला महागात पडतं. लोक देतात त्या ओळीत बहुतेक वेळा एमआयआर हा स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) असतो, म्हणजे आरसा: उगमात नाही ते गंतव्यातून उडवतो. दोन पत्ते उलटसुलट टाकले तर रिकामी डिस्क दुकानाच्या फोल्डरावर 'आरशासारखी' उतरते. त्याऐवजी ई हा स्विच घ्या, तो उपफोल्डरांसह कॉपी करतो, पुसत काही नाही. शिवाय एखादी फाइल अडली तर रोबोकॉपी आपणहून दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर खेपेला ३० सेकंद थांबून. खिडकी गोठली असं वाटतं ते यामुळे. आर १ आणि डब्ल्यू १ द्यायचं, म्हणजे पुन्हा एकदाच प्रयत्न, एक सेकंद थांबून. फॅट३२ साठी एफएफटी, म्हणजे दोन सेकंदांचा फरक तो सोडून देतो. आणि मजकूर तपासणं त्याला येत नाही, आकार आणि तारीख यांवरच भागवतो. अर्धवट फाइलचा प्रश्न म्हणून उरतोच.

---

खाजण (श्रीवर्धन)

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ४ जीबीच्या मशीनवर ११ बसवण्याच्या नादी लागण्यापेक्षा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) बघा, अर्थात स्कॅनरचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी पेन ड्राइव्हवरून चालवून तपासून. त्यातल्या निमो या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ दाबलं की दोन पॅनल, मोबाइलही दिसतो. डबल कमांडर तिथेही आहे, बटणं तीच.

दोन गोष्टी तिथे वेगळ्या. कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी मजकूर अजून रॅममध्ये असू शकतो. इजेक्ट करून 'आता काढा' असा संदेश येईपर्यंत पेन ड्राइव्ह उपटायचा नाही. दुसरं, ईएक्सटी४ वर (लिनक्सच्या डिस्कच्या फॉरमॅटमध्ये) एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. सुरंगींच्या 'जामसंडे'चे २१ झाले. म्हणजे निव्वळ देवनागरी नाव ८५ चिन्हांपर्यंतच, विंडोजमधलं त्याहून लांब असेल तर 'नाव फार लांब' म्हणून कॉपी अडते. हलवायच्या आधी लांब नावं शोधून आखूड करा.

---

कातळसडा (देवगड)

मिंट पेन ड्राइव्हवर घालून बघतो. तोवर रोजचं चालवायला डबल कमांडर ठेवला. एक्सप्लोरर पूर्ण काढून त्याच्या जागी हाच बसवता येतो का?

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ते हात दाखवून अवलक्षण. खालची टास्कबार आणि डेस्कटॉपसुद्धा एक्सप्लोररचाच भाग आहेत, आणि सेव्ह-ओपनच्या खिडक्या काही केल्या विंडोजच्याच राहतात. डबल कमांडर टास्कबारवर पिन करा. पहिला पिन असेल तर विंडोज की + १ ने उघडतो.

आणि बाहेरच्या डिस्कला वेगळा ॲडॉप्टर असेल तर तोही यूपीएसच्याच सॉकेटमध्ये लावा. मशीन यूपीएसवर आणि डिस्क भिंतीत असली तर वीज गेल्यावर मशीन चालूच राहतं, तुटते ती नेमकी कॉपी.