मदत हवी आहे: सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर नुसता घुमतोय

मंडळी, आम्ही रत्नागिरीला असतो. घरात सहा महिन्यांचं बाळ, बाहेर पावसाची झड, आणि ड्रायर चार दिवस बंद. लंगोट अक्षरशः इस्त्रीने वाळवतेय.

धुण्याची बाजू छान चालते. ड्रायरचा टायमर लावला की मोटर घूं घूं करते, टब हलत नाही. प्लग काढून मागचं कव्हर उघडलं, झाकण बंद ठेवून ब्रेकचा ड्रम हाताने फिरवला, तर सहज फिरतो. म्हणजे ब्रेक अडकलेला नाही. झाकणाच्या स्विचमधूनही करंट जातोय, नाहीतर आवाजच आला नसता.

मला कपॅसिटरची (मोटरला फिरायला जोर देणारा भाग) शंका येते. दोन्ही मोटरींना एकच आहे, वर १०+५ मायक्रोफॅरड लिहिलंय. त्यातला फक्त ड्रायरचा भाग जाऊ शकतो का? मेकॅनिक थेट मोटर बदला म्हणतोय. कोणी अनुभवी असेल तर कृपया लवकर सांगा.