लॉगची पातळी ठरवणाऱ्या टूलला एका वाक्याचे वर्णन पुरते का?

रात्रपाळी :
एजंटला (आपणहून कामे करणाऱ्या एआय मॉडेलला) दिलेल्या टूलचे, म्हणजे त्याला वापरता येणाऱ्या फंक्शनचे, वर्णन एका वाक्यापुढे गेले की ती लिहिणाऱ्याची हौस समजावी, असे ‘सुटसुटीत’ यांनी परवा लिहिले आणि ‘लॉगची पातळी ठरवते’ हे वाक्य नमुना म्हणून पुढे ठेवले. (लॉग म्हणजे प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या नोंदी; किमान किती गंभीर नोंद ठेवायची ते पातळी सांगते.) नेमके हेच वाक्य आमच्याकडे होते. चाचणीत नोंदींचा गोंगाट फार होतो म्हणून एजंटने पातळी एररवर नेली, म्हणजे इन्फो, वॉर्निंग अशा सौम्य नोंदी बंद केल्या, काम उरकले आणि पातळी तशीच ठेवली. कारण हा बदल त्या सत्रापुरता आहे की संपूर्ण प्रोसेससाठी (चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमसाठी), हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोन दिवसांनी ग्राहकांची पेमेंट अडकू लागली तेव्हा पहाटे पावणेतीनला मी लॉग उघडला. शेवटची ओळ होती, ‘इन्फो : पातळी एररवर नेत आहे’, आणि तिच्याखाली काहीही नव्हते. पेमेंट का अडकत होती याची नोंद वॉर्निंगमध्ये पडायची, आणि वॉर्निंग बंद होती.

सुटसुटीत :
आपल्या जागरणाबद्दल सहानुभूती आहे, पण दोष वर्णनाचा नसून कोडचा आहे. एका सत्राने केलेला बदल सगळ्यांना लागू होत असेल, तर तो खड्डा बुजवायचा असतो, त्याच्या शेजारी पाटी लावायची नसते. टूलांची वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलच्या संदर्भात जातात. चाळीस टूले असली आणि प्रत्येकाने निबंध लिहिला, तर मूळ प्रश्नाला जागा किती उरणार? पातळ्यांची नावे स्कीमात (टूलला काय द्यायचे त्याच्या साच्यात) असतातच, आणि सिसलॉग (नोंदींची जुनी प्रमाण पद्धत) काय असते हे मॉडेलला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

जुनाजाणता :
सिसलॉग ठाऊक असणे हीच तर पंचाईत आहे. सिसलॉगच्या २००९ च्या प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी ५४२४ मध्ये, सर्वांत गंभीर इमर्जन्सी ० आणि सर्वांत सौम्य डीबग ७ आहे. पायथन भाषेच्या लॉगिंगमध्ये डीबग १० आणि सर्वांत गंभीर क्रिटिकल ५० आहे, म्हणजे आकडे नेमके उलट्या दिशेने चढतात. त्यात साहेब म्हणतात, ‘लॉगिंग वाढव.’ त्यांना अधिक तपशील हवा असतो, म्हणजे गंभीरतेची मर्यादा खाली आणायची असते. ‘दिलेली पातळी आणि तिच्याहून गंभीर नोंदी येतील’ एवढे स्पष्ट लिहिले नाही, तर एजंटने उलटे केले म्हणून त्याला बोल लावता येत नाही. शिवाय सिसलॉगमधील नोटिस ही इन्फो आणि वॉर्निंग यांच्या मधली पातळी पायथनमध्ये नाहीच; ते नाव तसेच पुढे पाठवले की थेट व्हॅल्यू-एरर, म्हणजे अमान्य मूल्याची चूक, येते.

सर्व्हरवाली :
नोटिस काढूनच टाका ना. इतक्या वर्षांत ही पातळी जाणीवपूर्वक वापरणारा माणूस मला भेटलेला नाही.

जुनाजाणता :
आपण रोज भेटता, फक्त ओळख ठेवत नाही. सुडोने (दुसऱ्याच्या, बहुधा अ‍ॅडमिनच्या, हक्काने आज्ञा चालवणाऱ्या साधनाने) चालवलेली प्रत्येक यशस्वी आज्ञा मूळ सेटिंगमध्ये सिसलॉगला नोटिस म्हणूनच जाते, आणि पासवर्ड चुकवत राहणाऱ्याची नोंद अलर्ट म्हणून. कोणी कोणत्या हक्काने काय केले, हे ज्या पातळीवर लिहिले जाते ती निरुपयोगी म्हणायची असेल, तर आपल्या सर्व्हरचा पत्ता कृपया येथे देऊ नका.

सर्व्हरवाली :
टोमणा पोचला. सुडोचे मान्य, ते माझ्या ध्यानात नव्हते. परंतु नोटिसच्या वादात मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे, तो असा की हे टूल एजंटच्या हातात द्यायचेच कशाला? एमसीपीमध्ये (मॉडेलला बाहेरची टूले जोडण्याच्या प्रमाण पद्धतीत) पातळी ठरवण्याची विनंती क्लायंट, म्हणजे मॉडेलच्या बाजूचा प्रोग्रॅम, टूले पुरवणाऱ्या सर्व्हरला करतो. ती मॉडेलने आपल्या मर्जीने वापरायची वस्तू नाही. तीच गोष्ट टूल म्हणून पुन्हा मांडायची आणि मग तिच्या वर्णनावर भांडायचे, म्हणजे चोराला किल्ली देऊन कुलपाचे माहितीपत्रक लिहिण्यासारखे आहे.

रात्रपाळी :
आमचा एजंट चोर नव्हता, गडबड शोधायलाच ठेवलेला होता, आणि शोधणाऱ्याला डीबग लावता येत नसेल तर त्याने शोधायचे कसे? किल्ली द्यावीच लागते. मात्र बदल कोणाला लागू होतो, किती काळ टिकतो आणि आधीची पातळी काय होती हे उत्तरात परत मिळते का, एवढे तिच्यासोबत सांगावे लागते. ‘सुटसुटीत’, खड्डा बुजवायला पुढची आवृत्ती लागते. तोवर पाटी नको म्हणणारा माणूस रात्री त्या रस्त्याने जात नसावा.

सुटसुटीत :
ठीक आहे, निबंधकारांचा विजय असो. माझे सुधारित वर्णन असे : ‘दिलेली पातळी आणि तिच्याहून गंभीर नोंदीच ठेवते. बदल संपूर्ण प्रोसेसला लागू होतो आणि पुन्हा बदलेपर्यंत टिकतो.’ एकाची दोन वाक्ये झाली, शब्द मोजून घ्यावेत.

रात्रपाळी :
आणि आधीची पातळी?

सुटसुटीत :
ते तिसरे वाक्य झाले. त्यासाठी वेगळा धागा काढा.