रोमहून एका दिवसात पॉम्पेई आणि अमाल्फी किनारा: गाइडसह सहल घ्यावी का?

सागरगोटा (प्रश्न)

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, १४ वर्षांची मुलगी आणि ६९ वर्षांच्या सासूबाई, चार रात्री रोममध्ये मुक्काम करणार आहोत. त्यांतला एक दिवस दक्षिणेकडे, कंपानिया प्रांतात घालवावा असा विचार आहे. 'पॉम्पेई, पोझितानो आणि अमाल्फी एका दिवसात' अशा धर्तीच्या अनेक सहली पाहण्यात आल्या. सकाळी सातच्या सुमारास रोमहून बस निघते, रात्री आठ-नऊ वाजता परत आणून सोडते, सोबत इंग्रजी बोलणारा गाइड असतो, आणि जेवण कुठे दरात धरलेले असते तर कुठे नसते.

कागदावर हे सारे सुटसुटीत दिसते; परंतु नकाशावर अंतरे मोजू लागलो तेव्हा शंका आली की बसमध्ये किती वेळ जाणार आणि पायांना जमीन किती वेळ लागणार. सासूबाई सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, पण पायऱ्या आणि उंचसखल दगड त्यांना जड जातात. शिवाय त्या अंडेही न खाणाऱ्या शाकाहारी आहेत. मुलीला मात्र काहीही करून पॉम्पेई पाहायचेच आहे. अशी सहल ज्यांनी प्रत्यक्ष केली आहे त्यांनी घड्याळाच्या हिशेबाने अनुभव सांगितला तर फार मदत होईल.

तळ्यातमळ्यात

आम्ही दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात अगदी अशीच सहल केली होती, म्हणून घड्याळाचाच हिशेब देतो. रोम ते पॉम्पेई हे अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. सात वाजता निघालेली बस महामार्गावरील एका थांब्यानंतर सव्वादहाला पॉम्पेईला पोहोचली, आणि प्रवेशाचे सोपस्कार आटोपून आम्ही आत गेलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. आत दोन तास मिळाले. त्यानंतर जेवण, मग डोंगर ओलांडून किनाऱ्याकडचा रस्ता, आणि पोझितानोत आम्हाला ४० मिनिटे मिळाली. बस वरच्या रस्त्यावर थांबते आणि समुद्रकाठ खाली असतो. गल्ल्या आणि पायऱ्या उतरून खाली जायचे, सांता मारिया आस्सुंता चर्चचा रंगीत चकचकीत कौलांचा घुमट एकदा डोळे भरून पाहायचा, आणि लगेच धापा टाकत वर यायचे, एवढ्यात ती ४० मिनिटे संपली. अमाल्फी गावात तर आम्ही उतरलोच नाही. करारात 'दर्शनीय थांबा' असे लिहिले होते आणि त्याचा अर्थ वळणावर दहा मिनिटे थांबून वरून छायाचित्र काढणे असा निघाला. या शब्दावर नजर ठेवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक गाडी चालवता येत नाही, आणि हे सारे गाडीतील यंत्रात नोंदले जाते. त्यामुळे सकाळी वाहतूक तुंबली तर संध्याकाळी वेळ वाढवून मिळत नाही. कात्री लागते ती किनाऱ्यावरच्या वेळेला, कारण पॉम्पेईची तिकिटे आधीच काढलेली असतात. आमचा गाइड मन लावून काम करणारा होता, त्याला मी दोष देणार नाही. दोष वेळापत्रकाचा आहे.

तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. पॉम्पेईत रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड, त्यांच्या फटींतून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी झिजवलेल्या खाचा, आणि रस्त्यालगतच्या खानावळींच्या ओट्यांत बसवलेली मातीची भांडी, हे सगळे गाइडने दाखवले म्हणूनच दिसले. एरवी आम्ही ते ओलांडून पुढे गेलो असतो.

नावाडी

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी पटल्या, पण निष्कर्ष मात्र मी वेगळा काढेन: पॉम्पेई आणि किनारा यांना एका दिवसात बांधूच नका.

अमाल्फीचा किनारा १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, आणि त्याच वर्षी पॉम्पेईही आले. दोन्ही स्थळे शेजारी असली तरी त्यांच्यामध्ये लात्तारी डोंगररांग उभी आहे. किनाऱ्याचा रस्ता एकोणिसाव्या शतकात कड्यात कोरून काढलेला आहे आणि अनेक वळणांवर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्यांना सम-विषम क्रमांकांचा नियम लागू होतो. बसना त्यातून सूट असली तरी रांगेतून सूट कोणालाच नसते. ज्यांना वळणांवर मळमळते त्यांनी पुढे बसावे. सोरेंतोकडून अमाल्फीकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, तेव्हा जागा निवडता आली तर उजवीकडची घ्यावी.

माझे मत विचाराल तर हा किनारा पाण्यावरून पाहावा. रोमहून वेगवान रेल्वे सुमारे दोन तासांत सालेर्नोला पोहोचते, स्थानकापासून बोटीचा धक्का चालण्याच्या अंतरावर आहे, आणि तेथून बोट साधारण ३५ मिनिटांत अमाल्फीला नेते. पुढे पोझितानो आणखी २५ मिनिटांवर आहे. मे महिन्यात या बोटी नियमित चालतात, मात्र समुद्र खवळलेला असेल तर त्या रद्द होतात, हे गृहीत धरूनच निघावे. बोटीतून घरांची उतरंड, लिंबांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि मधूनच दिसणारे जुने पहारे-बुरूज असे एकाखाली एक उलगडत जातात. बसमधून मात्र समोरच्या बसची मागची काचच अधिक दिसते.

आणि अमाल्फी हे वळणावर थांबून छायाचित्र काढून सोडून द्यावे असे गाव नव्हे. आज जेमतेम काही हजार वस्तीचे हे गाव मध्ययुगात व्हेनिस, जिनोव्हा आणि पिसा यांच्या बरोबरीचे सागरी प्रजासत्ताक होते. इटलीच्या नौदलाच्या ध्वजावर आजही या चौघांची चिन्हे आहेत. तेथील कॅथेड्रलची कांस्यद्वारे अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून आणली, आणि संत अँड्र्यूचे अवशेष १२०८ मध्ये तेथूनच आले. १३४३ च्या वादळाने आणि समुद्राच्या लाटांनी गावाचा सखल भाग गिळला. एवढा मोठा दरारा असलेले गाव इतके लहान का उरले, याचे निम्मे उत्तर या एका घटनेत मिळते. कॅथेड्रलसमोर ६२ पायऱ्या आहेत. सासूबाईंना त्या जड वाटल्या तर खालच्या चौकात बसूनही दर्शनी भाग उत्तम दिसतो. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

भाजलेली वीट

मी पॉम्पेईपुरते लिहितो, कारण मुलीची इच्छा हीच या दिवसाची खरी गरज दिसते.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने हे शहर राखेखाली गेले आणि पद्धतशीर उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. उद्रेकाची पारंपरिक तारीख २४ ऑगस्ट सांगितली जाते. परंतु २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबरच्या तारखेची ओळ सापडली, आणि कोळसा फार काळ टिकत नाही म्हणून उद्रेक त्याच शरद ऋतूत झाला असावा, असे मत बळावले. गाइड अजूनही ऑगस्टच सांगू लागला तर मुलीला हा प्रश्न जरूर विचारू द्या. माणसांचे जे साचे तेथे दिसतात, ते सांगाडे नव्हेत. राख घट्ट झाल्यावर देहांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या, आणि १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्यांत पातळ प्लास्टर ओतून त्या आकृती मिळवल्या. हे आधी ठाऊक नसेल तर ते दृश्य नुसते भीषण वाटते, आणि मग मुले त्याविषयी काही विचारतच नाहीत.

आता व्यवहाराचे. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी असते, तेव्हा नाव पासपोर्टप्रमाणे द्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांनाच विनामूल्य असतो, म्हणूनच तो दिवस टाळावा. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. सावली फारशी नाही; टोपी न्या, पाण्याची बाटली मात्र आतल्या नळांवर भरून घेता येते.

सासूबाईंसाठी एक चांगली सोय आहे. चाकाच्या खुर्च्या आणि अडखळणाऱ्या पायांसाठी 'पॉम्पेई सर्वांसाठी' नावाचा तीन किलोमीटरहून लांब असा सोपा मार्ग आखलेला आहे आणि तो अ‍ॅम्फिथिएटरच्या बाजूच्या दाराने सुरू होतो. मोठ्या गटांच्या सहली बहुधा दुसऱ्या टोकाच्या पोर्ता मारिना दाराने आत जातात, जिथे सुरुवातीलाच दगडी चढ आहे. गटाचा गाइड एका व्यक्तीसाठी मार्ग बदलू शकत नाही. म्हणून रोमहून गटासोबत येण्याऐवजी रेल्वेने नेपल्सला यावे, तेथून पॉम्पेईला यावे आणि तेथील परवानाधारक गाइड दोन-अडीच तासांसाठी स्वतंत्रपणे आधीच ठरवावा, असे मी सुचवेन. चौघांत तो खर्च विभागला की गटाच्या दरापेक्षा फार अधिक पडत नाही, आणि गाइड सासूबाईंच्या चालीने चालतो. स्थानकाबाहेर हाका मारून बोलावणाऱ्यांकडून तिकीट किंवा गाइड घेऊ नका.

एक अवांतर, पण राहवत नाही. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात साधारण २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले, आता अभ्यासक यक्षी मानतात, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या आहेत. इसवी सन ७९ पूर्वी ती समुद्र ओलांडून तेथे पोहोचली होती. ती आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात आहे. त्या दालनातील बाकीच्या वस्तू शृंगारिक आहेत, तेव्हा मुलीला नेण्यापूर्वी आपण दोघांनी ठरवावे.

सागरगोटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'दर्शनीय थांबा' हा शब्द आम्ही पाहत असलेल्या सहलीच्या माहितीतही निघाला, आणि तोही अमाल्फीच्याच नावापुढे! सासूबाईंच्या जेवणाविषयी कोणी सांगू शकेल का? पिझ्झा मिळेलच, परंतु चीजबद्दल त्यांच्या मनात शंका आहे.

लिंबूसरबत

शंका रास्त आहे. पार्मेसान म्हणजे पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, वापरूनच बनते, आणि कंपानियातील म्हशीच्या दुधाचा नामांकित मोत्झारेल्लाही त्याच पद्धतीचा असतो. हे चालत नसेल तर 'मारिनारा' पिझ्झा मागावा. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचे तेल, एवढेच असते. पिझ्झाच्या नेपल्सी कणकेत अंडे घालत नाहीत. पास्ता मागताना ताजा नको, वाळवलेला हवा असे सांगावे, कारण ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते आणि वाळवलेला पास्ता फक्त रवा आणि पाणी यांचा असतो. त्यासाठी प्रसिद्ध असलेले ग्रान्यानो हे गाव पॉम्पेईपासून जवळच आहे. किनाऱ्यावर गेलात तर चेतारा गावच्या अँकोव्ही माशांच्या अर्काची विशेष चौकशी करा. पांढऱ्या, निष्पाप दिसणाऱ्या स्पॅगेटीत तो असू शकतो. सहलीच्या दरात धरलेले जेवण ठरावीक ताटाचे असते आणि तेथे असे बदल करून मिळणे कठीण, म्हणून जेवण न धरलेली सहल किंवा स्वतंत्र प्रवास तुम्हाला अधिक सोयीचा.

सागरगोटा

घरी चर्चा झाली. सासूबाईंनी समुद्र बोटीतून पाहायचा असे सांगितले, मुलगी पॉम्पेईवरून हलायला तयार नाही, आणि दोघींना एका दिवसात खूश करणे शक्य नाही हे आता आम्हालाही पटले. म्हणून रोमची शेवटच्या आधीची रात्र रद्द करून सालेर्नोत मुक्काम हलवतो आहोत. पहिल्या दिवशी नेपल्समार्गे पॉम्पेई, अ‍ॅम्फिथिएटरच्या दाराने आणि स्वतंत्र गाइडसह. दुसऱ्या दिवशी सकाळी सालेर्नोहून बोटीने अमाल्फी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत रोम, कारण विमान त्यानंतरच्या दुपारी आहे. पॉम्पेईला जाण्यापूर्वी नेपल्सच्या संग्रहालयात दीड तास थांबून ती यक्षी पाहावी असेही ठरले. सध्याच्या आखणीत तो दिवस मंगळवारी येतो.

भाजलेली वीट

दिवस बदला. ते संग्रहालय मंगळवारी बंद असते. आणि सामान घेऊन फिरणार असाल तर ते नेपल्सच्या स्थानकावर ठेवून जा, पॉम्पेईत मोठी बॅग आत सोडणार नाहीत.

नावाडी

बोटीची तिकिटे आदल्या संध्याकाळी काढा, म्हणजे हवेचा अंदाज पाहूनच पैसे भरता येतील. समुद्र खवळलेला निघाला तर सालेर्नोचे कॅथेड्रल पाहा. पोप ग्रेगरी सातवे १०८५ मध्ये याच गावात वारले आणि त्यांचे दफन तेथेच आहे. सासूबाईंना डोंगरवाटेपेक्षा तेथे नक्कीच कमी चढावे लागेल.