गुडघ्याला सुट्टी, पोटरीला नाही
‘सरळ उभं राहिलं की गुडघा लॉक होतो आणि पायाच्या स्नायूंना काही काम उरत नाही’ असं बरेचदा म्हटलं जातं. मांडीपुरतं मान्य. ताठ, सैल उभे राहा आणि गुडघ्याची वाटी बोटांनी डावी-उजवीकडे हलवा; सहज सरकते. आता गुडघा किंचित वाकवा, वाटी जागीच घट्ट बसते, कारण मांडीचा पुढचा स्नायू लगेच कामाला लागतो. हे कुलूप उघडायला गुडघ्यामागे पॉप्लिटिअस नावाचा एक छोटासा स्नायू आहे. पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना तो मांडीचं हाड किंचित बाहेर फिरवतो, मगच गुडघा मोकळेपणी वाकतो. बिचाऱ्याचं नावही कुणी घेत नाही.

पण घोट्याला असं कुलूपच नाही. शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणजे आपण सतत पुढे कलत असतो. ते सावरतो पोटरीतला खोलवरचा सोलिअस नावाचा स्नायू. उभ्या उभ्या जरा पुढे झुकून टाचेवरचा कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा पट्टा) चाचपा, दोरीसारखा ताठ लागेल. सोलिअसमध्ये लवकर न थकणारे, संथ तंतू जास्त असतात ते यासाठीच. मात्र अगदी पुतळ्यासारखं उभं राहिलं तर शिरांमधलं रक्त वर ढकलायला हे काम पुरत नाही. त्यासाठी पोटरी आळीपाळीने आवळायला आणि सैल व्हायला हवी. कवायतीत ताटकळलेली माणसं भोवळ येऊन पडतात, त्यात याचा मोठा हात असतो. अशा वेळी बुटातल्या बुटात टाचा उचलत राहायच्या.